नाशिकच्या धरणांवर गळाची मासेमारी: पाणी ओळखण्यापासून मासा काढेपर्यंत

दारणा असो, मुकणे असो नाहीतर वाघाड, सुटीच्या दिवशी काठावर एकच प्रकार दिसतो. गाडी लागली की आधी रॉड निघतो, पाच मिनिटांत गळ पाण्यात पडतो आणि दुपारी मंडळी हात हलवत परततात. मग दोष आमिषाला जातो, किंवा ‘धरणात आता मासाच उरला नाही’ असा निकाल लागतो. मासा असतो. तो जिथे आणि ज्या खोलीवर चरतोय, तिथे गळ पोचलेला नसतो.

खालची कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. गळ पाण्यात टाकायची वेळ सहाव्या टप्प्यावर येते. आधीचे पाच गाळले तर पुढचं सगळं नशिबावर. भर रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यावर आहे, कारण आपल्याकडच्या जलाशयांत बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली जाते ती मुख्यतः यांचीच. मरळ आणि चिलापीचं जेवढं लागेल तेवढंच.

टप्पा 1: परवानगी, आणि कुठे जायचं नाही

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं. मासेमारीचा हक्क मात्र बहुतेक जलाशयांत मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. संस्था पैसे मोजून बोटुकली सोडते, राखण करते. न विचारता तिथे गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेत शिरून द्राक्षाचे घड तोडणं.

काठावरच्या गावात ‘ठेका कोणाकडे आहे’ एवढं विचारलं की काम होतं. सकाळी जाळी काढून मासळीचं वजन होतं, तिथे संस्थेचा माणूस हमखास सापडतो. त्याला चार गोष्टी विचारा: गळाला परवानगी आहे का, किती रॉड चालतील, कोणता काठ मोकळा आहे, आणि मासा घरी न्यायचा असेल तर पैसे कसे. पावती मिळाली तर खिशात ठेवा. गावात पत्ता लागला नाही तर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नाशिकच्या कार्यालयात चौकशी करता येते.

या जागा सोडाच:

- नांदूरमध्यमेश्वर. ते अभयारण्य आहे आणि रामसर क्षेत्रही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). दुर्बीण घेऊन जा, रॉड घरी ठेवा.
- कोणत्याही धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणी उचलण्याची विहीर यांचा परिसर. गंगापूर आणि मुकणेचं पाणी शहराला पिण्यासाठी जातं, त्यामुळे तिथे हा नियम जास्तच कडकपणे पाळा.
- पावसाळ्यात दरवाज्यांच्या खालचं नदीपात्र. विसर्ग वाढला की गुडघाभर पाण्याचं कमरेएवढं व्हायला फार वेळ लागत नाही.
- जाळी लावलेली जागा आणि जिथे असतील तिथे माशांचे पिंजरे.

सावधान: प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसायला निवांत असतात, पण पाय घसरून आत गेलेल्या माणसाला त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. पोहता येणारेही बुडतात. मालकाची परवानगी असली तरी काठाला बांधलेला दोर आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय तिथे बसू नका. शिवाय गळ अडकून कागद फाटला तर तळं गळायला लागतं, ते वेगळंच.

जिलेटीन फोडणं किंवा पाण्यात विष टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे. विजेचा शॉक देणाऱ्यांच्याही आसपास फिरकू नका. असं काही चाललेलं दिसलं तर जागा सोडा आणि संस्थेला कळवा.

टप्पा 2: पातळी कुठल्या दिशेला चालली आहे ते बघा

आपली धरणं जुलै ते सप्टेंबरमध्ये भरतात आणि मग आवर्तनाआवर्तनाने (शेतीसाठी पाळीपाळीने सोडलेल्या पाण्याने) उतरत जातात. मे संपताना कित्येक ठिकाणी मृत साठ्याच्या (दरवाज्यातून सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्याच्या) आसपास पाणी असतं. म्हणजे ऑक्टोबरात जिथे मासा सापडला ती जागा मार्चमध्ये उघडी पडलेली असते. ‘माझी नेहमीची जागा’ हा प्रकार धरणावर चालत नाही.

वर्तमानपत्रात साठ्याची टक्केवारी रोज येते. तो आकडा एकटा बघून उपयोग नाही. आठवडाभराचे आकडे शेजारी मांडा.

- पातळी चढत असेल तर नुकत्याच बुडालेल्या गवतावर मासा येतो. किडे, गांडुळं, कुजणारा पाला असं सगळं आयतं मिळतं. एक ते दीड मीटर पाण्यात, काठाजवळ बसा.
- पातळी स्थिर असेल, निदान चार-पाच दिवस, तर सर्वात उत्तम. माशांच्या चरायच्या वाटा ठरलेल्या असतात.
- पातळी झपाट्याने उतरत असेल, म्हणजे आवर्तन सुटलंय किंवा जायकवाडीसाठी पाणी चाललंय, तर मासा काठ सोडून खोलात सरकतो. त्या दिवसांत उथळ जागी बसणं फुकट. एकतर तीव्र उतार असलेला काठ शोधा, नाहीतर पाणी थांबल्यावर चार दिवसांनी या.

तपासा: पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला काडी रोवा आणि तासाभराने बघा. पाणी काडीपासून मागे हटलं असेल तर खोल जागेचा विचार करा.

ऋतूंचं थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वात चांगला काळ: पाणी भरपूर, गढूळपणा बसलेला, उष्णता पुरेशी. इगतपुरीकडची धरणं आधी निवळतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पाण्यात उतरते, रोहू-कटल्याची भूक मंदावते. पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यापेक्षा अकरा ते चार बसा. त्या काळात सायप्रिनस तेवढा बऱ्यापैकी चालतो. एप्रिल-मे मध्ये पाणी कमी, मासा एकवटलेला, पण ऊन्हाने वरचं पाणी तापतं, म्हणून उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच.

जून ते ऑगस्ट गळ बांधून ठेवावा हे आमचं स्पष्ट मत. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पहिल्या पुरात ते ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी जमतात आणि वाहत्या पाण्यात वर चढतात. चढणीचा मासा पकडायला सोपा, म्हणूनच लोक तुटून पडतात. पोटात अंडी असलेली एक मादी काढली की लाखभर अंडी गेली.

टप्पा 3: जागा निवडा

सगळ्यात चांगली तयारी मे महिन्यात, रॉडशिवाय होते. पाणी उतरलेलं असताना उघड्या बुडित क्षेत्रातून चालत फिरा. जुन्या नदीचं पात्र, ओढ्यांचे मार्ग, बुडालेला रस्ता, पडकी विहीर, झाडांचे बुंधे, दगडी बांध हे सगळं दिसतं. फोनवर फोटो काढा, आणि काठावरची न हलणारी खूण (विजेचा खांब, मंदिर, डोंगराची खिंड) चौकटीत घ्या, म्हणजे पाणी भरल्यावर जागा ओळखता येते. गाळपेर जमिनी (पाणी उतरल्यावर पेरतात त्या) खास लक्षात ठेवा. तिथली धसकटं आणि भुसभुशीत माती बुडाली की पुढच्या हंगामात मृगळ आणि सायप्रिनस तिथे चरायला येतातच.

सावधान: वाळलेला दिसणारा गाळ वरून भेगाळलेला आणि आतून ओला असतो. पाण्याच्या कडेपासून लांब राहा, हातात काठी ठेवा, एकटे जाऊ नका.

पाणी भरलेलं असताना जागा निवडायची तर या चारपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत:

1. उतार बदलतो ती कड, म्हणजे उथळ भाग संपून जुन्या पात्राची खोली सुरू होते ती रेषा. मासा दिवसा खोलात राहतो आणि सकाळ-संध्याकाळ या कडेने वर येतो.
2. वारा येऊन आदळतो तो काठ. वाऱ्याबरोबर पाण्यातलं सूक्ष्म खाद्य त्या बाजूला लोटलं जातं आणि कटला मागोमाग येतो. समोरून वारा लागतो म्हणून लोक नेमके पाठ वाऱ्याकडे करून पलीकडच्या काठावर बसतात.
3. ओढ्याचं तोंड, पावसाळा संपल्यानंतर थोडं पाणी वाहत असेपर्यंत.
4. माशांच्या खुणा: तळातून येणारी बारीक बुडबुड्यांची रांग (सायप्रिनस किंवा मृगळ चिखल उकरतोय), पृष्ठभागावर जड गोल वळसा (कटला), गवताची पाती मधूनच हलणं (चिलापी किंवा गवत्या, म्हणजे ग्रास कार्प).

एका खुणेने फसू नका. उन्हाळ्यात किंवा ढगाळ, कोंदट पहाटे बरेच मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. ते भुकेने आलेले नसतात. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. अशा वेळी ते काहीही खात नाहीत. ऊन वर येऊन वारा सुटेपर्यंत थांबा.

आता थर. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या आणि मधल्या पाण्यात तरंगतं खाद्य गाळून खातो. रोहूचे ओठ जाड आणि झालरीसारखे. तो मधल्या थरात फिरतो, पण तळाजवळ खाली येऊन खायला त्याची ना नसते. मृगळाचं तोंड खाली उघडतं, तो तळाचा. सायप्रिनस मिशांच्या दोन जोड्यांनी चिखल चाचपतो, तोही तळाचा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) पाण्यातलं शेवाळ गाळून जगतो, गळाला क्वचितच येतो, त्याच्या मागे लागू नका. चिलापी काठालगत उथळात. मरळ गवत-पाणवनस्पतींच्या आडोशाला, आणि ती वर येऊन हवा घेते तेव्हाच तिचा पत्ता लागतो. शिंगाळा आणि वाम रात्रीचे, दगड-गाळातले.

एका गळाने हे सगळे पकडू असं मनात आणलं की एकही मिळत नाही. निघण्याआधी एक मासा ठरवा.

टप्पा 4: सामान घरी जोडा

काठावर वाऱ्यात गाठी मारणं हे निम्म्या तुटलेल्या तंगुसांचं (नायलॉनच्या दोऱ्यांचं) कारण आहे. आदल्या रात्री टेबलावर बसा.

- रॉड: 8 ते 10 फूट, मध्यम ताकदीचा. फार ताठ नको, मासा शेवटच्या क्षणी धडपडतो तेव्हा रॉडने वाकायला हवं.
- रीळ: 3000 ते 4000 आकाराचं, 150 मीटर तंगूस मावेल असं. तंगूस रिळाच्या कडेपासून 2 मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. कमी भरलं तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरलं तर एकदम वेटोळी सुटून गुंता होतो.
- मुख्य तंगूस: 0.30 ते 0.33 मिमी. दीड-दोन वर्षं उन्हात वापरलेलं तंगूस फेकून द्या. ते दिसायला ठीक असतं पण ठिसूळ झालेलं असतं.
- पुढचा तुकडा: 25 ते 30 सेंमी, 0.25 मिमी. हा मुद्दाम बारीक ठेवायचा, म्हणजे गळ बुंध्यात अडकला तर एवढाच तुकडा तुटतो आणि बूच (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि शिसं (वजन) परत मिळतं. दोन्ही तंगुसांमध्ये लहान स्विव्हल (फिरती कडी).
- गळ: आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे उलटं गणित पक्कं करा. रोहू-मृगळाला 6 किंवा 8, सायप्रिनसला 4 ते 6, कटल्याला 2 ते 4, चिलापीला 10 ते 12. दुकानदार ‘मोठा मासा हवा ना’ म्हणून 2/0 गळ देतो, तो मरळीच्या कामाचा. कार्प मासा आमिष ओठांनी चोखून बघतो. मोठा गळ जाणवला की थुंकतो.
- झोळी: लांब दांड्याची, तोंड निदान दीड फूट. ही नसेल तर मोठा मासा काठावर येऊन जाणार, हे धरूनच चाला.

गाठ: गळाच्या डोळ्यातून दोरा ओवून परत मागे वळवा, लूप करा, त्यातून पाच वेढे घाला. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतं. टोक 2-3 मिमी ठेवून कापा.

तपासा (गाठ): गळ दाराच्या कडीत अडकवून तंगूस हाताला फडकं गुंडाळून सावकाश ओढा. तोंड बाजूला ठेवा. गाठ सरकली किंवा टोक कुरळं झालं तर पुन्हा बांधा.

तपासा (ड्रॅग): रिळाचा ड्रॅग (ताण वाढला की दोरा आपोआप सोडणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्शाला सुटला पाहिजे. 8 किलोच्या तंगुसाला 2 किलो. एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या तंगुसाला बांधा, गच्चीच्या कठड्यावरून रॉडचं टोक सरळ खाली करून लोंबकळू द्या. बाटल्या हळूहळू खाली सरकल्या की ड्रॅग बरोबर. जागच्या हलल्याच नाहीत तर सैल करा, धाडकन खाली गेल्या तर आवळा. हे न करता गेलेल्या माणसाचं तंगूस पहिल्याच मोठ्या रोहूला तुटतं, आणि मग तो जाड तंगूस आणतो, जे माशाला दिसतं.

टप्पा 5: चारा आणि आमिष

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारा मासे जागेवर आणून थांबवण्यासाठी, आमिष गळावर. चाऱ्याने पोट भरायचं नाही, भूक चाळवायची.

चारा (एका सकाळीसाठी):

- तांदळाचा बारीक कोंडा 1 किलो (तूस नको, ते तरंगतं)
- शेंगदाण्याची पेंड 500 ग्रॅम, रात्रभर भिजवून कुस्करलेली
- कणीक 250 ग्रॅम, कोरडीच लालसर भाजलेली
- मेथीदाण्याची भाजून केलेली पूड 2 चमचे
- काठावरची चाळलेली काळी माती, वरच्या सगळ्याच्या साधारण निम्मी

माती शेवटी, तिथेच मिसळा. वजनाने गोळा तळाशी जातो आणि सावकाश विरघळतो. पाणी एकदम ओतू नका. शिंपडत, दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं थांबत भिजवा, कारण कोंडा पाणी हळू पितो. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर टाकून द्या. आंबूस चालेल, बुरशी नाही.

तपासा: मुठीत दाबलेला पेरूएवढा गोळा गुडघाभर पाण्यात सोडा. पडताच फुटला तर पाणी कमी किंवा दाब कमी. दहा मिनिटांनी तसाच गोळा दिसला तर चिकटपणा जास्त, कोंडा वाढवा. तळाशी जाऊन तीन ते पाच मिनिटांत ढीग झाला पाहिजे.

कटल्यासाठी हिशोब वेगळा. तळाचा ढीग त्याच्या उपयोगाचा नाही. माती वगळा, गोळा सैल बांधा, म्हणजे तो पडता पडता फुटतो आणि पाण्यात ढगासारखा पसरतो.

आमिष (रोहू, मृगळ, सायप्रिनस): कणीक 200 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम, भाजलेल्या डाळ्यांचं पीठ 50 ग्रॅम, पेंडीचं गाळलेलं पाणी लागेल तसं, चिमूटभर बडीशेपेची पूड. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा, ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवा, पुन्हा मळा. कटल्यासाठी पावाचा मऊ गर, डाळ्यांचं पीठ आणि थोडं दूध असं हलकं, भुसभुशीत आमिष, मोठ्या लिंबाएवढं. चिलापीला कणकेचा ज्वारीएवढा गोळा किंवा गांडुळाचा तुकडा पुरतो.

अत्तरं आणि बाजारातली रंगीत पाकिटं यांच्यावर फार विसंबू नका. एखादा वास पुरे; चार वास एकत्र केले की त्याला वास म्हणत नाहीत.

तपासा: गळाला आमिष लावून बादलीतल्या पाण्यात धरा. दहा-बारा मिनिटं टिकलं पाहिजे, आणि त्यानंतर बोटाने दाबल्यावर मऊ लागलं पाहिजे. रबरासारखं घट्ट राहिलं तर माशाने तोंडात घेतलं तरी गळाचं टोक बाहेर येत नाही. ‘ओढ येते पण मासा लागत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

टप्पा 6: खोली मोजा, चारा टाका, मग गळ

1. गळाला आमिषाऐवजी जड शिसं अडकवा आणि ठरवलेल्या जागी टाका. बूच बुडालं तर खोली जास्त आहे, बूच वर सरकवा. आडवं पडलं तर खाली सरकवा. टोक पाण्याबाहेर दोन सेंमी उभं राहिलं की खोली कळली. रॉडवर चिकटपट्टीने खूण करा.
2. त्याच जागेच्या दोन मीटर डावी-उजवी आणि पुढे-मागे मोजा. कुठे एकदम अर्धा मीटर फरक पडला तर ती कड, तिथेच बसायचं.
3. समोरच्या काठावरचं एक झाड किंवा दगड नेम म्हणून धरा. चारा आणि गळ एकाच रेषेत, एकाच अंतरावर पडले पाहिजेत. फेकीचं अंतर पक्कं राहावं म्हणून रिळाच्या क्लिपमध्ये तंगूस अडकवा, पण मासा लागायच्या आत, म्हणजे बूच बसल्यावर लगेच, क्लिपमधून सोडवा.
4. सुरुवातीला चाऱ्याचे 6 ते 8 गोळे, एकाच जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत. नंतर अर्ध्या तासाने एक. ओढ सुरू झाल्यावर चारा थांबवा.
5. वीस मिनिटं थांबा. चहा प्या.
6. आता बूच लावा: मृगळ-सायप्रिनससाठी आमिष तळावर टेकलेलं, रोहूसाठी तळापासून 10 ते 20 सेंमी वर, कटल्यासाठी पृष्ठभागापासून एक ते दीड मीटर खाली.
7. नेमाच्या दोन मीटर पुढे फेका आणि ओढून जागेवर आणा. चाऱ्याच्या डोक्यावर शिसं आपटलं की मासे पांगतात.

सावधान: फेकण्याआधी वर बघा. धरणाकाठी पंपाच्या वीजवाहिन्या गेलेल्या असतात आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून गाडीत बसा.

टप्पा 7: बूच काय सांगतंय

थरथर, टिचक्या, जागच्या जागी नाचणं: चिल्लर मासे आमिष कुरतडताहेत. झटका देऊ नका. हे सारखं होत असेल तर आमिष थोडं घट्ट आणि मोठं करा.

दोनदा हलकं टेकून मग तिरकं सरकत बुडणं: रोहू. बुचाचं टोक पाण्याखाली गेल्यावर मनात ‘एक’ म्हणा आणि झटका.

बूच वर उचललं जाऊन आडवं पडणं: मृगळ किंवा सायप्रिनसने तळावरचं आमिष उचललंय, शिशाचा भार बुचावरून गेलाय. बुडायची वाट बघत बसलात तर मासा आमिष टाकून देतो. आडवं पडतानाच झटका.

सावकाश, जडपणे, न थांबता खाली जाणं: कटला. त्याचं तोंड मोठं आणि कडा मऊ असतात. जोरात हिसका दिला की ओठ फाटून गळ सुटतो. रॉड नुसता दमाने वर घ्या.

झटका मनगटातून, फूट-दीड फूट. खांद्यावरून रॉड मागे फेकणारे आमिषासकट गळ झाडावर टांगतात.

टप्पा 8: मासा खेळवणं

पहिली धाव माशाची. त्याला जाऊ द्या, ड्रॅग त्यासाठीच लावलाय. रॉड साधारण 60 अंशांवर, दोरा कायम ताठ. धाव थांबली की रॉड हळू वर घ्या, खाली आणताना रीळ गुंडाळा, पुन्हा वर. ड्रॅग सुटत असताना रीळ फिरवत राहू नका, दोऱ्याला पीळ बसतो.

सायप्रिनस बुंध्यांकडे वळतो. त्याला समोरून रोखण्यापेक्षा रॉड पाण्याला समांतर करून बाजूने ताण द्या, त्याचं तोंड वळलं की तो वळतो. रोहू दमल्यासारखा काठावर येतो आणि झोळी दिसताच पुन्हा उसळतो. सर्वात जास्त मासे या शेवटच्या दोन मीटरमध्ये सुटतात, कारण आता दोरा आखूड असतो आणि ताणला जात नाही. मासा जवळ आला की ड्रॅग किंचित सैल करा.

झोळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर ओढून आणा. झोळी घेऊन माशामागे धावायचं नाही. तंगूस हाताला गुंडाळून मासा ओढायचा नाही. बोटाचं हाड दिसेपर्यंत कापतं.

टप्पा 9: ठेवायचा की सोडायचा

हे झोळीत असतानाच ठरवा. अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला-मृगळ सोडून द्यावा. ती संस्थेची अलीकडचीच बोटुकली आहे. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोरा तोंडाजवळ कापा. सोडताना फेकू नका, पाण्यात सरळ धरा, स्वतःहून निघून जाईल.

मरळीच्या लालसर पिल्लांचा गठ्ठा पृष्ठभागावर दिसला तर तिथे गळ टाकू नका. आईबाप राखणीला असतात, म्हणूनच ते लगेच अंगावर येतात. ते काढले की पिल्लं अर्ध्या तासात इतर माशांच्या पोटात.

थाई मांगूर लागला तर तो मात्र परत सोडायचा नाही. त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो इतर माशांची पिल्लं फस्त करतो.

शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे हाताला लागले तर तासन्‌तास ठणका राहतो. ओल्या गोणपाटाने दाबून पक्कडीने गळ काढा. गळ स्वतःच्या बोटात टोकापलीकडे घुसला असेल तर काठावर उपटण्याचा पराक्रम नको. दोरा कापा, दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

ठेवायचा मासा लगेच मारून बर्फात. उन्हाळ्यात माशाएवढ्याच वजनाचा बर्फ धरा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या डिकीत ठेवलेला मासा नाशिकरोडला पोचेपर्यंत मऊ पडतो. साफसफाई घरी, पोटातली घाण पिण्याच्या पाण्यात टाकू नका. तुटलेला तंगूस खिशात घाला, बगळे आणि पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात.

दोन तासांत काहीच लागलं नाही तर

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. या क्रमाने जा, प्रत्येक बदलाला वीस मिनिटं द्या:

1. खोली. आमिष 20 सेंमी वर किंवा खाली.
2. गळ एका मापाने लहान (म्हणजे आकडा मोठा), आमिषही त्या मानाने.
3. पुढचा तुकडा 30 वरून 50 सेंमी. निवळ पाण्यात याने फार फरक पडतो.
4. आमिष बदला: कणकेऐवजी पाव, किंवा गांडूळ.
5. शेवटी जागा. तीस-चाळीस मीटर सरका आणि टप्पा 6 खोली मोजण्यापासून पुन्हा करा.

जागा बदलताना आधीच्या ठिकाणी उरलेला चारा पाण्यात ओतून जाऊ नका. तो कुजतो, आणि तिथे आठवडाभर मासा फिरकत नाही.